लघवी केशरी झाली आणि मी गोळ्याच सोडल्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी एस.टी.त वाहक आहे. दोन महिन्यांमागे थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. वजन ५२ किलो, म्हणून रोज चार गोळ्या सुरू झाल्या. खिडकीवर बजावलं एवढंच, "सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही." मान डोलावली, पिशवी उचलली, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संडासाच्या पांढऱ्या भांड्यात बघतो तर लालसर केशरी पाणी. मला वाटलं, रक्तच. बायकोला बोललो नाही. असल्या गोष्टी बोलतं कोण? गोळ्या गुपचूप बंद केल्या. दोन दिवसांत रंग निवळला, तशी माझी खात्रीच पटली की औषध बाधतंय.

आशाताई रिकाम्या स्ट्रिप मोजायला आल्या तेव्हा बिंग फुटलं. चार दिवसांच्या गोळ्या शिल्लक! खाली मान घालून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो दादा, तो रंग गोळीचाच. त्यात रिफाम्पिसिन असतं. घाम, थुंकी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी होतं." बायकोने लगेच माझा बनियन आणून दाखवला. काखेतले डाग दोनदा साबण लावूनही गेले नव्हते, आणि ती बिचारी साबणालाच बोल लावत होती.

बी-कॉम्प्लेक्सने लघवी हळदीसारखी पिवळी होते हे आमच्या आळीत पोराबाळांना ठाऊक आहे. या केशरीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

पण 'रंग बदलतो, घाबरू नका' एवढंच सांगूनही भागणार नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समजावलं: याच गोळ्या कधीकधी लिव्हरला बाधतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट, डोळे पिवळे, अन्नावरची वासना उडालेली, ओकाऱ्या, असं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे कळलं नसतं तर मी कावीळसुद्धा 'गोळीचा रंग' म्हणून अंगावर काढली असती.

दवाखान्याच्या भिंतीवर खोकताना रुमाल धरा, इकडेतिकडे थुंकू नका, सगळं आहे. औषधाच्या पिशवीवर या दोन ओळींचा मराठीत रबरी शिक्का मारायला काय हरकत आहे? खिडकीवर गर्दी असते, तिथे माणूस लघवीचं विचारायला लाजतो.

माझे चुकलेले चार दिवस आता शेवटी वाढवून दिलेत.

आपला,
एक एस.टी. वाहक, कराड