भाऊकाकांना जाहीर पत्र

आदरणीय भाऊकाका,
सादर नमस्कार.

आत्या सुखरूप अमेरिकेला पोचली. तिच्या विम्यासाठी तुम्ही केलेल्या मदतीबद्दल तोंडावर आभार मानले तर तुम्ही "चाय घेतलंस काय?" म्हणून विषय उडवून लावणार, म्हणून चार लोकांत लिहिते आहे. शिवाय गणपतीला परदेशातून माणूस येणारी घरं आपल्या वेंगुर्ल्यात कमी नाहीत, त्यांनाही उपयोग होईल.

आत्या पंचाहत्तरीला आलेली, बीपीची गोळी चालू, आणि मुक्काम चतुर्थीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत. विम्याचं काय करायचं, यावर घरात प्रत्येकाचं वेगळं मत. एकाने सांगितलं, सत्तरीवरच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, ते काढून टाका. ते आधारवर निघतं आणि आत्या अमेरिकन नागरिक. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असलं तरी आधारसाठी मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, हे तुम्ही पडवीत बसल्या बसल्या सांगितलंत आणि तो विषय तिथेच संपला.

जन्मभर विमा कंपनीत काढलेला माणूस आता एखादी पॉलिसी सुचवेल असं मला वाटलं होतं. तुम्ही उलट मलाच कामाला लावलंत: "थंय तिच्याकडे आधीच काय आसा, ता इचार."

विचारलं. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा होता, पण तो काही मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेबाहेर चालत नाही. त्याच्या जोडीला तिने मेडिगॅपचा, म्हणजे मेडिकेअरला पूरक अशा खासगी विम्याचा, प्लॅन जी घेतलेला निघाला. त्यात परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते: वर्षाचे पहिले २५० डॉलर आपले, पुढच्या खर्चाचे ८० टक्के कंपनीचे, आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. अट एकच, दुखणं प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेलं हवं. इतकी वर्षं हप्ते भरून आत्यालाच याचा पत्ता नव्हता! तुम्ही कालनिर्णय काढून बोटांनी मोजलंत. दिवाळीच्या सुमारास ६० दिवस संपत होते आणि तुळशीचं लग्न त्यापुढे.

म्हणून निघण्याआधी तिने तिथूनच पूर्ण मुक्कामाची ट्रॅव्हल पॉलिसी घेतली. डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम, चढं ठेवायला तुम्हीच सांगितलंत, हप्ता बराच उतरला. सत्तरीनंतर विम्याची रक्कम कुठे कमी होते, जुन्या आजाराबद्दल काय लिहिलंय, बीपी अचानक बिघडलं तर काय धरतात आणि नेहमीच्या तपासणीला काय धरत नाहीत, हे सगळं तुम्ही फोनवर तिच्याकडून वाचून घेतलंत. तिकडे रात्र, इकडे तुमची जेवायची वेळ. काकू दोनदा ताट वाढून गेल्या.

सगळ्यात कामाची ठरली ती निळी फाईल. पासपोर्टची झेरॉक्स, दोन्ही पॉलिसींचे नंबर, गोळ्यांची नावं. आणि वर तुमच्या अक्षरात: "केसपेपर पासपोर्टवरच्या नावानेच." गावात आत्याला सगळे माहेरच्या नावाने ओळखतात, दवाखान्यातही कोणीतरी तेच सांगणार, हे तुम्हाला बरोबर ठाऊक.

आणि झालंही तसंच. भाद्रपदातला पाऊस, विहिरीकडच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, आत्या घसरली आणि मनगट धरून बसली. घरात लगेच "बांबुळीक न्हेवया" सुरू झालं, म्हणजे थेट गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. तुम्ही म्हणालात, आधी कुडाळला एक्स-रे काढा. बारीक फ्रॅक्चर निघालं, प्लास्टर घातलं. काउंटरवर चुलतभाऊ माहेरचं नाव सांगायला लागला, तशी मी फाईल पुढे केली. परदेशी पॉलिसीवर इथे बहुतेक ठिकाणी कॅशलेस होत नाही, पैसे आपणच भरायचे आणि क्लेम नंतर, हे माहीत असल्याने कोणी वाद घातला नाही. तपशीलवार बिल, पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रेचा रिपोर्ट, सगळं मूळ प्रतीत मागून घेतलं.

गंमत म्हणजे क्लेमचा प्रश्नच आला नाही, कारण बिल २५० डॉलरच्या बरंच आत राहिलं. चुलतभाऊ म्हणाला, मग विमा फुकटच गेला. मला तसं वाटत नाही. मनगटाऐवजी खुबा मोडला असता तर हिशेब वेगळा झाला असता.

एवढं करून तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. आत्याने आणलेली चॉकलेटं घेतलीत, तीही नातवाच्या नावावर. पुढच्या खेपेला ती शिमग्यापर्यंत राहायचं म्हणते आहे, म्हणजे ६० दिवसांचं गणित पुन्हा मांडावं लागणार. काकूंना सांगून ठेवा, त्या दिवशी मी जेवण झाल्यावरच येईन.

तुमचीच,
शेजारची पोरगी