‘रेवा’ आमच्या घरी कॅसेटमधून आली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा, त्याचा आपल्या मातीशी काय संबंध’ अशा आशयाचं एका वाचकांचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे.

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या रॉक बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम 2000 साली निघाला. माझा मामा तेव्हा दिल्लीत नोकरीला होता. दिवाळीला इंदूरला येताना त्याने माझ्यासाठी ती कॅसेट आणली. मी तेव्हा शाळेत होते, तबला शिकत होते. दुपारी टेपवर ‘मा रेवा’ लागलं (रेवा म्हणजे नर्मदा) आणि स्वयंपाकघरातून आजी बाहेर आली. कणीक भिजवत होती, दोन्ही हात पिठाचे. तशीच दारात उभी राहिली, गाणं संपेपर्यंत हलली नाही. संपल्यावर ‘नर्मदे हर’ म्हणाली आणि पुन्हा लाव म्हणाली. तिचं माहेर नर्मदाकाठच्या महेश्वरचं, निमाडातलं. गाण्यातल्या ‘थारो पानी निर्मल’ मधलं ‘थारो’ मला कळत नव्हतं, ते तिनेच सांगितलं: निमाडी बोलीत थारो म्हणजे तुझं. आमच्या घरात त्या कॅसेटचा अर्थ सांगणारं पहिलं माणूस म्हणजे माझी नऊवारीतली आजी. मातीशी संबंध आणखी कसा असतो?

बँडमध्ये बेस गिटार वाजवणारे आणि गाणारे राहुल राम यांनी नर्मदा खोऱ्यात धरणाविरुद्धच्या नर्मदा बचाओ आंदोलनाबरोबर काही वर्षं काढली. ‘मा रेवा’ हे गाणं त्यांना तिथेच मिळालं. याच अल्बममधलं ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडेंचं भोजपुरी गीत. ‘कंदिसा’ तर केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची जुन्या सुरियानी भाषेतली प्रार्थना. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा वेड लागलं होतं ते बँडमधल्या असीम चक्रवर्तींचं. ते मांडी घालून बसत, तबला वाजवत आणि त्याच वेळी गात. मामाने त्यांना प्रत्यक्ष पाहिलं होतं, तरी माझा विश्वास बसेना. मला वाटे, गाणारा निराळा असणार. साधा केरवा ताल धरून एक ओळ गाऊन पाहिली, तर तिसऱ्या मात्रेला डावा हात थांबला. कितीतरी दिवस तोच प्रयत्न चालला होता. 25 डिसेंबर 2009 ला असीमदा गेल्याची बातमी आली, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखी रडले होते.

यंदा आजीची ट्रंक आवरताना ती कॅसेट सापडली. आतला लोकरीचा बारीक तुकडा, फितीला हेडवर दाबून धरणारा, गळून पडला होता. भजनाच्या एका तुटक्या कॅसेटमधला तुकडा सुईने उचलून त्यात बसवला, फीत पेन्सिलीने फिरवून घेतली. जेल रोडवर टेप दुरुस्त करून आणला. आवाज सुरुवातीला जरा लडखडला, मग सुश्मित सेन यांची गिटार स्वच्छ ऐकू आली, सरोदसारखी घुमणारी.

आणि ‘निर्मल’ हा शब्द आला, तसा गळा दाटून आला. लहानपणी तो नुसता सुरात बसणारा शब्द होता. आता मला ठाऊक आहे, की 2019 मध्ये नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं आणि निमाडातली चिखलदा वगैरे गावं पाण्यात गेली. आजीचा आवडता घाट पाहायला आम्ही दर वर्षी महेश्वरला जातो. त्याच महेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांबून, डोंगर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी आपण इंदूरकर पितो. ‘नळ आले’ म्हणतो आणि बादल्या लावतो. मीसुद्धा इतकी वर्षं तेच करत आले. त्या दिवशी मात्र टेप चालू असतानाच नळ आले आणि मला उठून बादली लावता येईना.

आपल्या शहरातल्या मराठी संस्था नाट्यसंगीताच्या मैफली भरवतात, मी त्यांना आवर्जून जाते. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: 25 डिसेंबरची एक संध्याकाळ या अल्बमला द्यावी. तबला शिकणाऱ्या मुलांना बोलवावं आणि निमाडकडच्या एखाद्या आजींना पहिल्या रांगेत बसवावं. कॅसेट आणि टेप मी घेऊन येईन.

आपली नियमित वाचक,
रामबाग, इंदूर