चाबकाविना चाबूकस्वार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घोडेस्वारीच्या सुटीतील शिबिरांविषयी आलेला लेख वाचला. वर्तमानपत्रात या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते, म्हणून तो मोठ्या आनंदाने वाचायला घेतला होता. परंतु घोड्याला मालक कोण हे पहिल्याच दिवशी समजले पाहिजे आणि शिकाऊ स्वाराला आठ दिवसांत घोडा भरधाव सोडता आला पाहिजे, असे जे एका प्रशिक्षकांचे मत त्यात ठळक अक्षरांत छापले आहे, ते वाचल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. गेली सत्तावीस वर्षे मी घोडे तयार करण्याचे आणि माणसांना त्यांच्यावर बसायला शिकवण्याचे काम करतो. या दोहोंपैकी घोड्यांचे काम सोपे, एवढे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

घोडा फिरवून तयार करणाऱ्याला मराठीत चाबूकस्वार म्हणतात. शब्द कानावर पडताच हातात चाबूक घेतलेला करडा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षात हा शब्द फारसीतून आला आहे आणि तिथे ‘चाबुक’ म्हणजे चपळ, तरबेज. म्हणजे चाबूकस्वार हा मुळात कसबी स्वार. मराठीत चाबूक या शब्दाला फटके मारण्याच्या साधनापलीकडे अर्थ उरला नाही, त्यामुळे स्वाराचे कसब नावातून निसटले आणि हातातला चाबूक तेवढा राहिला. हे भाषेपुरतेच घडले असते तर तक्रार नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे की शांतपणे शिकवणे ही घोड्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. घोड्याची शिकण्याची रीतच तशी आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. म्होरकीच्या, म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवलेल्या पट्ट्याच्या, दोरीवर अगदी हलका ताण द्यावा आणि थांबावे. घोडा आधी मान ताणून पाहतो, कान हलवतो, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतो, आणि केव्हा तरी एक खूर जमिनीवरून उचलतो. त्याच क्षणी दोरी सैल पडली, तर पुढे पाऊल टाकले की ताण जातो, ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसते, आणि दहाव्या खेपेला दोरी ताणायचीसुद्धा गरज उरत नाही. तीच दोरी दोन सेकंद उशिरा सैल पडली, तर तेवढ्यात त्याने मान वर झटकलेली असते, आणि मग तो इमानेइतबारे मान झटकायला शिकतो. अडेल म्हणून माझ्याकडे आणून सोडलेल्या घोड्यांपैकी बरेचसे असे उशिरा सुटणाऱ्या हातांनी घडवलेले होते. रागावलेल्या माणसाचा हात नेहमीच उशिरा सुटतो. चाबकाच्या फटक्याची तर आणखी एक अडचण आहे: तो बसून गेल्यावरही अंगाची आग होत राहते, त्यामुळे नेमके काय केले असता ती थांबेल याचा घोड्याला पत्ताच लागत नाही. त्याला एवढेच कळते की या माणसाजवळ असले की दुखते.

घोडा हे भक्ष्य म्हणून जगलेले जनावर आहे, हे विसरून त्याच्याशी वागणे म्हणजे निम्मी लढाई हरून मैदानात उतरणे होय. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आपल्या भोवतालचा जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही तो कपाळापुढचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागचा पट्टा. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत जावे. रस्त्याने जाताना पाहिलेला ओंडका परतताना वेगळ्या बाजूने दिसतो आणि त्याच्या लेखी तो नवाच ओंडका असू शकतो. तिथे तो पुन्हा बुजला तर त्याला खोडी म्हणू नये. आणि ज्याच्या अंगावर माशी बसली तरी नेमकी तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, त्या प्राण्याच्या बरगड्यांत टाच हाणून ‘इशारा’ द्यावा लागत असेल, तर त्याला इशारे समजेनासे करण्याचे काम आधी कोणी तरी केले आहे, हे उघड आहे.

हे सारे मलाही पहिल्यापासून उमगले होते असे नाही. पंचविशीत असताना माझ्या ताब्यात चार वर्षांची एक तांबूस घोडी होती. पावसानंतर वाटेत साचलेल्या गुडघाभरही नसलेल्या डबक्यात ती पाय घालीना. माझ्यामागे आणखी दोन स्वार थांबले होते, त्यांच्यासमोर शोभा होऊ नये म्हणून मी चाबूक वापरला. तीन फटक्यांनंतर तिने ते डबके एका उडीत ओलांडले, मीही बाजी मारल्याच्या समाधानात घरी आलो. दुसऱ्या दिवशी ती त्या जागेच्या पन्नास पावले अलीकडेच थबकली. तिसऱ्या दिवशी तिला तबेल्याच्या दारातली ओली फरशीही चालेना, कारण चकाकणारी जमीन आली की फटके बसतात, असा हिशेब तिने मांडला होता आणि तो बरोबरच होता.

दोन मिनिटांत केलेले ते काम निस्तरायला मला तीन आठवडे लागले. रोज मी तिला दोरीला धरून पायी नेत असे आणि जिथे तिचे कान टवकारले जातील पण पाय थांबणार नाहीत, तिथूनच आपण होऊन मागे वळवत असे. पन्नास पावलांची चाळीस झाली, चाळिसाची पंचवीस. मधे एकदा वाऱ्याने पाणी हलले आणि पुन्हा पन्नासापासून आरंभ करावा लागला. अखेर एका सकाळी ती काठाशी उभी राहिली, मान खाली घालून तिने नाक पाण्याजवळ नेले आणि अशी जोरात फुरफुरली की माझा सदरा भिजून गेला. मग तिने पुढच्या खुराने पाणी दोनदा खरवडले आणि एक पाय आत ठेवला. मी दोरी सोडून दिल्यासारखी सैल केली, तिला वळवले आणि थेट तबेल्यात आणून बांधले. त्या दिवशीचे काम तिथेच संपले. मोहात पडून ‘आता पूर्ण डबके पार करून घेऊ’ असे म्हटले असते तर काय झाले असते, याचा अंदाज आज मला आहे. तेव्हा मी केवळ थकलेलो होतो म्हणून वाचलो.

आता स्वारांविषयी. ‘शांत राहा’ असे विद्यार्थ्याला ओरडून सांगणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि काही काळ मी त्यांच्यापैकीच एक होतो. माणसाचे शरीर घोडा किती बारकाईने वाचतो, याचा दाखला विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये गाजलेल्या हान्स नावाच्या घोड्याने देऊन ठेवला आहे. हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खूर आपटून देत असे. १९०७ मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक ओस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की त्याला गणित येत नव्हते; बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई, आणि तेवढे पाहून तो थांबत असे. विचारणाऱ्याला स्वतःलाही आपण हललो याची जाणीव नसे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका प्रयोगात माणसांना सांगितले गेले की ठरावीक फेरीच्या वेळी घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरीही त्या फेरीत माणसाच्या आणि घोड्याच्या, दोघांच्याही हृदयाचे ठोके वाढले. छत्रीविषयी घोड्याला कोणी काही सांगितले नव्हते.

म्हणून भ्यालेल्या स्वाराला भिऊ नकोस असे सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या शरीराला दुसरे काही तरी करायला द्यावे लागते. माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी शिकायला होती. घोडा दुडक्या चालीवर आला की ती श्वास रोखून धरायची, गुडघे आवळायची, आणि आवळलेले गुडघे जाणवले की घोडा आणखी वेग घ्यायचा. मी तिला तेराचा पाढा मोठ्याने म्हणायला लावला, कारण पाढा म्हणताना श्वास कोंडून ठेवता येत नाही. तेरा साते एक्क्याण्णवपर्यंत ती नेटाने आली, तेरा आठेला अडली आणि हसू लागली. हसताना तिचे खांदे खाली आले, मांड खोगिरात सैल बसली, आणि कोणीही लगाम न ओढता घोडा दुडकी सोडून साध्या चालीवर आला. तिच्या हातात तेव्हा लगाम नव्हताच. घोडा लांब दोरीवर माझ्याभोवती फिरत होता.

मांड बसेपर्यंत नवशिक्याच्या हाती लगाम देऊ नये, हा माझ्याकडचा नियम पालकांना आवडत नाही. पैसे भरून मुलगा नुसता गोल फिरतो, अशी त्यांची तक्रार असते. पण ज्याचा तोल स्वतःच्या मांडीवर नाही, तो तोल लगामावर सावरतो, आणि लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडात असते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, हिरडीवर, ती लोखंडी सळी टेकते. तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज काही नसते. आपल्या लेखासोबतचे छायाचित्र या दृष्टीने पुन्हा पाहावे, अशी विनंती आहे. मुलगा हसतो आहे, लगाम तारेसारखा ताणलेला आहे, घोड्याचे तोंड उघडे असून मान आभाळाकडे गेली आहे. खालच्या ओळीत ‘वेगाचा आनंद’ असे छापले आहे.

घाई किती महागात पडते, हे सर्व जगाने २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या आधुनिक पंचक्रीडा स्पर्धेत पाहिले. त्या खेळात घोडेस्वारी हा पाचांतला एक प्रकार असे; तीत स्वाराला चिठ्ठीने अनोळखी घोडा मिळे आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटे असत. आघाडीवर असलेल्या एका खेळाडूचा घोडा अडला, ती रडत चाबूक वापरत राहिली, आणि तिच्या प्रशिक्षिकेने कुंपणाबाहेरून घोड्याला गुद्दा मारला. प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढण्यात आले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकण्याचे ठरले. मला त्या खेळाडूची कीवच आली. वीस मिनिटांत मी कोणत्याही घोड्याचे नाव लक्षात ठेवीन, याहून अधिक काही कबूल करणार नाही.

शांतपणा म्हणजे लाड, असा आक्षेप माझ्यावर अनेकदा घेतला गेला आहे. चार-पाचशे किलो वजनाच्या प्राण्याचे लाड करणे धोक्याचे असते, हे मला माझ्या मोडलेल्या अंगठ्याने शिकवले आहे. घोडा खांद्याने मला ढकलू लागला तर मी त्याला दोन पावले मागे सारतो, प्रत्येक वेळी, त्याच रीतीने, आवाज न चढवता. आज सोडून द्यायचे आणि उद्या झोडायचे, हा खरा दुष्टपणा. हे आजकालचे नाजूक विचार आहेत असेही कोणी समजू नये. लढाया पाहिलेला ग्रीक सेनानी झेनोफोन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वीच घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असे लिहून ठेवले आहे.

उलट बाजूने एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मराठीत निरुपद्रवी घोड्याला आपण ‘गरीब’ म्हणतो. त्यांतले काही खरोखर शांत असतात: त्यांचे कान फिरते असतात, डोळा मऊ असतो, नवे काही दिसले तर ते मान वळवून पाहतात. काहींनी मात्र आपण काहीही केले तरी दाब सुटत नाही, हे ओळखून प्रयत्नच सोडलेला असतो. ते दगडासारखे उभे राहतात, डोळ्यांत काही हलत नाही. शिबिरांत लहान मुलांना बसवायला असेच घोडे पसंत केले जातात आणि एखाद्या दिवशी अचानक उधळले की सगळे चकित होतात.

घोड्याला खोडकर ठरवण्याआधी त्याची दाढ, पाठ, खूर आणि खोगिराची बैठक तपासावी, हे तर सांगायलाही नको. शिवाय घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली या जुन्या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आहे, आणि घोड्यापुरते ते अक्षरशः खरे आहे. मोकळा असता तर दिवसाचा बहुतेक वेळ चरत, पावले टाकत राहिला असता, असा प्राणी तेवीस तास दावणीला बांधून चोविसाव्या तासाला त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करणे कितपत योग्य आहे? वयाचेही तसेच. घोड्याच्या कण्याची हाडे पक्की व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो; दोन वर्षांच्या शिंगरावर खोगीर चढवून ‘लवकर तयार झाला’ म्हणणाऱ्यांनी तो लवकर निकामी का झाला, याचाही हिशेब द्यावा.

मुलांना शिबिराला घालू इच्छिणाऱ्या पालकांना आपल्या वृत्तपत्रामार्फत एक विनंती करतो. किती दिवसांत मुलगा घोडा पळवील, हे विचारू नये. शुल्क भरण्यापूर्वी एकदा न कळवता, वर्ग सुरू होण्याच्या अर्धा तास आधी तबेल्याशी जाऊन उभे राहावे. खोगीर घेऊन माणूस आत शिरताच घोडा कोपऱ्यात सरकतो, कान मागे पाडतो, खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना चावायला वळतो, की मान खाली घालून म्होरकीत आपणच तोंड घालतो, हे पाहायला घोड्यांचे ज्ञान लागत नाही.

आपला विश्वासू,
घोडेस्वारीचा एक प्रशिक्षक