प्लग आईच्या हातात देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव लिहीत नाही. "ताई, नावबिव नका टाकू, उद्यापासून गावातले सगळे कोयते माझ्या दारात येतील," असं तुम्हीच बजावलंत. तेव्हा नुसतं दादा.

पत्राला दोन महिने लागले, कारण प्रत्येक वेळी सुरुवात मला झाडं कापायची मशीन विकणाऱ्या त्या दुसऱ्या दुकानदारापासून व्हायची आणि पान शिव्यांतच संपायचं. आज ठरवलंय, त्याला गरजेपुरतीच जागा द्यायची.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी मुंबईत होते आणि आई इथे श्रीवर्धनला एकटी. फोन बंद, लाइट बंद, रस्ते झाडांनी बंद. पाच दिवसांनी तिचा आवाज कानावर आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "घर आहे गो, वाडी नाही." पोफळी काडेपेटी सांडल्यासारख्या पडल्या होत्या. माड, फणस, दोन हापूस, सगळं आडवं. बाहेरून झाडं कापायची पेट्रोलची मशीन, चेनसॉ, घेऊन माणसं आली, त्यांनी वाट मोकळी केली, मोठं लाकूड नेलं आणि उरलेलं बांधाला रचून निघून गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने त्यावर आणखी भर घातली. नोकरी सोडून कायमची इथे आले तेव्हा तो ढीग बघूनच मनाशी म्हटलं, हा मी कापणार. रोज थोडा, पण मीच. पेट्रोलची मशीन मला उचलायला जड आणि दोरी ओढून चालू करणं तर त्याहून जड. म्हणून लाइटवरची घेतली. २००० वॉट, १६ इंची पात्याची.

दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो, "घरात कुणी पुरुष माणूस नाही का?"

"आहे, फोटोत आहे," मी म्हटलं. त्याला समजलं नाही.

मग मी विचारलं, हिला ऑइल कुठलं लागतं? तर म्हणे, "ऑइल पेट्रोलवालीला लागतं मॅडम. लाइटवालीला कशाला? प्लग लावा, चालू करा." एवढंच माझं प्रशिक्षण. खोक्यात पुस्तिका होती, ती मी उघडली नाही. हा गुन्हा माझा, तो त्याच्या नावावर टाकत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्याकडे आले तेव्हा मी अर्धं लपवलं होतं. आज सगळं सांगते. वाडीपर्यंत वायर पुरेना म्हणून गणपतीतल्या रोषणाईची वायर जोडली होती. हो, तीच, केसाएवढी. पाचव्या मिनिटाला ती चहाच्या कपासारखी गरम लागायची आणि मला वाटायचं, उन्हाने असेल. मशीन दम लागल्यासारखी चालायची. चेन कोरडी, लाकूड कापतंय की भाजतंय कळत नव्हतं, धूर यायचा. तिसऱ्या दिवशी हापूसची एक फांदी कापताना पात्याचं टोक मागच्या दुसऱ्या फांदीला लागलं. लागलं म्हणजे शिवलं फक्त. मशीन एकदम उसळून माझ्या तोंडाकडे आली. मनगट कशावर तरी आदळलं आणि चेन थांबली. माझ्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर.

आई मागच्या दारात उभी होती. तिने पाहिलं.

ती ओरडली नाही. त्या रात्री जेवली नाही, एवढंच. सकाळी बघते तर मशीनवर गोणपाट टाकलेलं. मेलेल्या जनावरावर टाकतात तसं.

मशीन चालूच होईना म्हणून मी ती परत त्या दुकानात नेली. त्याने बटण दाबून पाहिलं, दुसऱ्यांदा दाबून पाहिलं, आणि निदान सांगितलं, "मोटरचं आर्मेचर गेलं. बायकांनी चालवलं की हेच होतं. वॉरंटीत बसणार नाही, साडेतीन हजार होतील." मी पैसे मोजायच्या बेतात होते, दादा. नशीब, पर्समध्ये दोनच हजार निघाले.

तुमच्याकडे मी आले ती केवळ तुमचं दुकान एसटी स्टँडच्या वाटेवर होतं म्हणून. तुम्ही पंपाच्या मोटरीत तांब्याची तार भरत बसला होतात. हातातलं काम न टाकता मला स्टूल दाखवलंत. काम संपल्यावर मशीन मांडीवर घेतलीत, पुढच्या दांड्यासमोरचा काळा पत्रा मागे ओढलात. खट्. बटण दाबलंत आणि ती चालली.

मी रडले, ते बघून तुम्ही पंख्याकडे बघत राहिलात. त्याबद्दलही आभार.

"हा ब्रेक आहे," तुम्ही सांगितलंत. "मशीन उसळली तेव्हा तुमचं मनगट ह्याच्यावर बसलं, हा पुढे पडला, चेन जागच्या जागी थांबली. हा मागे घेईपर्यंत मोटर फिरत नाही. मशीन बिघडलीच नव्हती ताई. तिने तुम्हाला वाचवलं आणि तशीच थांबून राहिली."

किती द्यायचे विचारल्यावर म्हणालात, "कशाचे? खट्चे?"

मग तुम्ही चेन बोटात घेऊन उजेडाकडे धरलीत. पात्याची कड निळी पडली होती. कुठं चालवता, कुठल्या वायरीवर, ऑइल कुठलं, एवढेच तीन प्रश्न. मी वायरीचं खरं सांगितलं नाही, तरी तुम्हाला कळलं असावं. "गुरुवारी दुकान बंद असतं. येतो," म्हणालात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते.

गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा आई मागच्या पडवीच्या पायरीवर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होती. तुम्ही चप्पल काढायच्या आत म्हणाली, "हे धूड घेऊन जा तुम्ही. पैसे नकोत. फक्त घरातून न्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आजी, घाबरू नका, काही होत नाही. गेले कित्येक दिवस मीही तिला तेच सांगत होते. काही होत नाही. जिने ते होताना डोळ्यांनी पाहिलं, तिला.

तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. पंपाच्या खोलीत जाऊन प्लग काढलात, वायर हातावर गुंडाळत परत आलात आणि प्लग तिच्यापुढे धरलात. "आजी, हा धरता का जरा? हा तुमच्या हातात आहे तोवर मशीन चालू होऊच शकत नाही. मी आणि ताई आता चेनीला हात लावणार. आमचं झालं की मी मागेन, तुम्हाला द्यावासा वाटला तरच द्या."

आईने अडकित्ता मांडीवरून खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि प्लग घेतला. दोन्ही हातांनी. प्रसाद घेतात तसा.

पाऊण तास ती तो धरून बसली होती. तुमचा चहा मी केला, कारण ती उठेना.

त्या पाऊण तासात तुम्ही मला जे शिकवलंत त्याचं पाठांतर इथे मांडत नाही. पण पोफळीची विरी, झावळीच्या बुडाचं ते रुंद आवरण, मला विसरता येणार नाही. सगळं झाल्यावर टाकीत चेनचं ऑइल भरलंत, आईकडून प्लग मागून घेतलात, मशीनचं टोक पांढुरक्या विरीच्या जरा वर धरून चालवलंत, आणि विरीवर तेलाची बारीक रेघ उठली. "ही रेघ दिसली तरच लाकडाला हात लावायचा. रेघ नाही तर काम नाही." रोज सकाळी मी आता आधी विरी शोधते. शेजारच्यांनी गाडीचं जळकं ऑइल फुकट देऊ केलं होतं, ते मी घेणारच होते. तुम्ही म्हणालात, त्यात लोखंडाचा कीस असतो, तो ऑइलचा पंप खाईल, आणि उडालेलं सगळं तुमच्याच मातीत जाईल, त्याच मातीतला नारळ खायचाय ना? माझ्याआधी आईनेच मान हलवली.

चेन किती ताणायची ते तुम्ही बोटाने दाखवलंत. मधोमध धरून वर उचलायची, उचलली गेली पाहिजे, पण खालचे दात खाचेतून बाहेर यायला नकोत, सोडली की आपोआप बसली पाहिजे. गरम असताना ताणायची नाही, कारण थंड झाली की आकसते आणि पात्याला आवळते. आणि दातांना धार लावायची कानस! मी गोल कानस पाट्यावर वरवंटा फिरवावा तशी पुढे-मागे घासत होते. तुम्ही माझ्या मनगटाला बोट लावून थांबवलंत. फक्त पुढे. येताना उचलून आणायची. ४ मिलिमीटरची कानस, एका दाताला तीन, पुढच्याला तीन, सगळ्यांना सारख्याच, नाहीतर मशीन एका अंगाला ओढते. चौदा दात ह्या बाजूचे, चौदा त्या बाजूचे.

अकराव्या दाताला पायरीवरून आवाज आला, "दोनच झाल्या. तिसरी राहिली."

तुम्ही हसला नाहीत. कानस माझ्या हातात देऊन म्हणालात, "मालकीण सांगतात तसं करा."

दादा, त्या क्षणी माझ्या आईची भीती गेली असं म्हणणार नाही. ती आहेच. पण त्या दिवसापर्यंत भीती धरून ती एका बाजूला आणि मशीन धरून मी दुसऱ्या बाजूला अशी आमची वाटणी होती. आता ती ह्या कामात आहे. कानशी मोजते. बुटाची नाडी सुटली तर दिसते तिला. मी ओढणी घेऊन वाडीत निघाले तर नुसता हात पुढे करते, मी ओढणी काढून तिच्या हातात ठेवते. चष्मा घातल्याशिवाय प्लग मिळत नाही. पावसाची भुरभुर असली तर प्लग तिच्या उशाखाली असतो.

आम्हाला शिकलेली माणसं पुष्कळ भेटली. वादळानंतर घरी फॉर्म घेऊन आलेला एक जण आईला म्हणाला होता, एवढ्या वयात एकटं राहावंच कशाला? मशीन विकणारा म्हणाला, पुरुष माणूस नाही का? प्रत्येकाने आमच्याकडे काय नाही ते मोजलं. तुम्ही पायरीवर बसलेली म्हातारी बाई बघितलीत आणि तिला करता येईल असं खरंखुरं काम दिलंत. मन राखायला दिलेलं खेळणं नव्हतं ते. चेनीला हात लावण्याआधी प्लग काढायचाच असतो, तो कोणाच्या तरी हातात असणं सगळ्यात सुरक्षित. चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं असं मला आजवर वाटायचं. तुम्ही तर त्या सकाळी वीस वाक्यंसुद्धा बोलला नसाल, आणि त्यातली निम्मी कानशीबद्दल होती. अशी माणसं गावोगाव असतात, मोटर वाइंडिंगच्या, सायकलच्या, शिलाईच्या दुकानांत. स्टूल पुढे करतात आणि समोरच्याला मूर्ख समजत नाहीत. त्यांच्या दारावर पाटी नसते म्हणून आपण आधी पाटीवाल्याकडे जातो आणि साडेतीन हजार मोजायला लागतो.

आता थोडं कामाचं. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तीन पदरी वायर आणली, पंपाच्या खोलीतल्या पावर पॉइंटला लावते. तुम्ही सांगितलीत ती शॉकला खटका पडणारी पेटी वायरमनकडून बसवून घेतली. काम करताना वायर पाठीमागे, उजव्या खांद्यावरून. गणपतीची वायर परत माळ्यावर गेली. माडाचं खोड तुम्ही म्हणालात तसंच निघालं, बाहेरून कडक, आत भुसभुशीत, आणि बुंध्याला वाळू. एकदा चेन वाळूत गेली आणि भुग्याऐवजी पीठ पडायला लागलं, तेव्हा मी आपणहून थांबले, कानस काढली. ओंडक्याखाली टेकू देते. शिडीवर मशीन नाही, खांद्याच्या वर मशीन नाही, एका हाताने मशीन नाही. "पडलेलं तुमचं, उभं असलेलं माणूस बोलावून" हा तुमचा नियम आहेच. आणि मशीनच्या नाकाला, म्हणजे पात्याच्या टोकाला, काही लागू द्यायचं नाही, लागलं की लाथ बसलीच. हे आईला पहिल्यांदा ऐकूनच पटलं. आमच्याकडे पूर्वी एक म्हैस होती.

ढीग कमरेपर्यंत खाली आला आहे. बांधापलीकडचं समुद्राकडचं सुरूचं बन आता पायरीवरून दिसतं. पावसाआधी उरलेलं संपेल असं वाटतं.

तुमची कानस माझ्याकडेच राहिली. परत द्यायला तीनदा निघाले, तीनदा आईने "उद्या दे, आज चेनीचे दात घासायचेत" म्हणून थांबवलं. आता नवीन आणली आहे, येत्या आठवड्यात तुमची घेऊन येते. सोबत सुपारी आहे, ती नाकारायची नाही. ती आईने कातरली आहे, माझ्या हातात काही नाही.

तुमची,
वाडीवाली ताई

ता. क. आईचा एक प्रश्न आहे, तो तिने मला तुम्हालाच विचारायला सांगितला. प्लग तिच्या हातात असताना फोन वाजला तर उठायचं की वाजू द्यायचा? काल माझ्या मावशीचे चार मिस्ड कॉल होते.