बाह्यरुग्ण विभागातल्या त्या सिस्टरांचे आभार
आजोबांचा रक्तदाब 168/98 आला आणि गोळीचा डोस वाढवायचं जवळजवळ ठरलंच होतं. मोजणी मात्र घाईची: जिने चढून आल्या आल्या, सदऱ्याच्या बाहीवरून, हात लोंबकळत, जाड दंडाला लहान पट्टा. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाचा 80 टक्के घेरही व्यापत नसेल तर आकडा वाढून येतो.

सिस्टर, तुम्ही ते हेरलंत. आधी लघवीला जाऊन यायला सांगितलंत, पाठ टेकवून 5 मिनिटं गप्प बसवलंत (आजोबांना हेच सगळ्यात अवघड!), उशी देऊन दंड हृदयाच्या पातळीला आणलात, मोठा पट्टा शोधलात. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजलंत: 136/82, 134/82. डोस तोच राहिला. बाहेर रांग खोळंबली होती, तरी त्यांचा थरथरता हात तुम्ही धरून ठेवलात. मनापासून आभार.