माळ्यावरचे कोट, आणि त्यातले तुला कुठले पाठवायचे

चिऊ,

तू पाठवलेला दुकानातला फोटो बघितला. बाबांनाही दाखवला, किंमत वाचून ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. फोटोतला तो डफल कोट (जाड लोकरीचा, मागे टोपीवाला) आपल्या माळ्यावरच्या कोटाचा सख्खा भाऊ आहे हे मात्र खरं, फक्त तुमच्याकडे त्याला व्हिंटेज म्हणतात आणि आपल्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईला "अगं ते एकदाचं देऊन टाक" म्हणतात. तर मी ट्रंक खाली काढली, सगळे कोट गॅलरीत टाकलेत, आणि एकेक अंगावर चढवून बघितला (हसू नकोस, आरशासमोर चांगला तासभर गेला), त्यातून जे डोक्यात आलं ते व्हॉट्सॲपवर दोन ओळीत मावत नाही म्हणून हे लांबण लावतेय.

गंमत अशी की मी त्या वेळी ज्या कोटावर सगळ्यात जास्त पैसे घातले, जो घालून लक्ष्मी रोडवर सगळ्यात जास्त मिरवले, तो आज घरातसुद्धा घालवत नाही. आकाशी रंगाचा, ऐंशीच्या दशकातला, खांद्यांत एवढाले पॅड, सोनेरी बटणं, कंबर अशी आवळलेली की जेवल्यावर बटण सोडावं लागायचं. तेव्हा सगळ्यांनी विचारलं होतं कुठून शिवलास म्हणून. आज त्यात मी बँडवाल्यांच्या पथकातली दिसते. आणि जे कोट कोणी वळूनसुद्धा बघितले नाहीत, मामाआजोबांचा डफल, आजोबांचा तो खरबरीत लोकरी ट्वीडचा, माझा लुनावर घालायचा पट्ट्याचा ट्रेंच कोट, ते अजूनही असे दिसतात की जणू गेल्या आठवड्यात आणलेत. मला वाटतं कारण सोपंय, फॅशन म्हणून जन्मलेला कोट फॅशनबरोबर म्हातारा होतो, पण कोणाच्या तरी कामासाठी, थंडी-वारा-पाऊस अडवायला म्हणून जो कापला त्यात उगीच ठेवलेलं असं काही नसतंच, मग जुनं काय दिसणार?

डफलचंच घे. ते जाड लोकरीचं कापड मूळचं बेल्जियममधल्या डफल गावचं, अँटवर्पजवळ आहे, म्हणजे नेदरलँड्समधल्या तुझ्या डेल्फ्टहून फार लांब नाही, कधी तरी ट्रेनने जाऊन ये. हा कोट ब्रिटिश नौदलाने पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात वापरला. बटणांच्या जागी लाकडाच्या गुल्ल्या आणि दोरीचे फास असतात ते सजावट नाहीये, बोटं गारठली असली, जाड हातमोजे असले तरी लावता-काढता यावं म्हणून. टोपी एवढी मोठी का, तर नौदलाची कॅप आत मावली पाहिजे. खांद्यावर कापडाचा आणखी एक थर, पाणी आत झिरपू नये म्हणून. युद्ध संपल्यावर उरलेले कोट तिकडे स्वस्तात विकले गेले आणि कॉलेजच्या पोरांनी उचलले, पन्नास-साठच्या दशकात विद्यार्थ्यांचा कोट म्हटलं की हाच. मामाआजोबा सत्तरच्या दशकात इंग्लंडहून परत आले ते हा घेऊन, आणि पुण्यात उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथे हा घालायला वर्षातले मोजके दिवस मिळणार, मग माझ्याकडे आला.

मी तो कशासाठी वापरला माहितीये? सवाई गंधर्वसाठी. तेव्हा रमणबागेच्या मैदानावर महोत्सव रात्रभर चालायचा (आता लाउडस्पीकरच्या नियमांमुळे तसा चालत नाही), डिसेंबरची थंडी, खाली बैठक, पहाटे तीन-चारला जमिनीतून गारवा वर यायला लागला की आजूबाजूचे काका लोक माकडटोपी आणि शालीत गुंडाळलेले, आणि मी त्या डफलची टोपी ओढून बसलेली. भैरव सुरू होईपर्यंत जागं राहायचं असायचं, नाही जमलं तर तोच कोट घडी करून उशाला. कोणी त्याला स्टायलिश वगैरे म्हटलं नाही, उलट आजी म्हणायची हमालासारखा काय कोट घातलायस. तर हा तुला नक्की पाठवते. बटणं पुरुषी बाजूला आहेत, चालतं, तुमच्या पिढीला तसंही कोण विचारतंय.

ट्रेंचची स्टोरी वेगळी आहे, तो ओरिजिनल नाही बरं का. ओरिजिनलचं गॅबर्डिन कापड थॉमस बर्बरीने १८७९ मधे काढलं, सूत विणायच्या आधीच त्याच्यावर पाणी न झिरपण्याची प्रक्रिया करायची आणि मग घट्ट विणायचं, आणि पहिल्या महायुद्धात खंदकातले ब्रिटिश अधिकारी तसे कोट घालायला लागले. खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याच्या खुणेसाठी, पाठीवर सुटी झूल असते ती पाणी घसरून जावं म्हणून. मी एका परदेशी मासिकातलं चित्र कापून कॅम्पमधल्या एका टेलरकडे घेऊन गेले. कापड टेरीकॉटचं (सुती आणि पॉलिएस्टर मिश्र), बिस्किट कलर. पट्ट्याला ज्या इंग्रजी डी आकाराच्या कड्या लागतात त्या कुठेच मिळेनात, शेवटी बोहरी आळीत एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाल्या, दुकानदाराला वाटलं घोड्याच्या लगामाला हव्यात. मास्तरांनी कोट शिवला मात्र असा की आज चाळीसेक वर्षांनी एक शिवण उसवलेली नाही.

आणि तो मी साडीवर घालायचे! लुना चालवताना. लुना आपल्या पुण्याचीच, कायनेटिकची, १९७२ मधे आली, आणि जानेवारीत सकाळी कोथरूडहून कर्वे रोडने डेक्कनला जाताना वारा जो छातीवर यायचा त्याला स्वेटर काहीच करू शकत नाही कारण विणीतून वारा आरपार जातो, घट्ट विणलेलं कापडच लागतं. पदर आत खोचायचा, वरून पट्टा बांधायचा. ऑफिसमधल्या बायका आधी हसल्या, मग दोघींनी कापड कुठून घेतलं ते विचारलं. एक सांगून ठेवते, हा तुमच्या तिकडच्या पावसात टिकणार नाही, टेरीकॉट आहे, अर्ध्या तासात भिजेल. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी घाल. बाकी पावसाला तो तुझा पिवळा रेनकोट आहेच, दिसायला कसाही असला तरी.

आता आजोबांचा ट्वीड. धोतर, हा कोट आणि काळी टोपी, असे ते शाळेत शिकवायला जायचे, तेव्हाच्या पुण्यात पेठांमधे निम्मे मास्तर असेच दिसायचे. कापड धारिवालच्या मिलचं, पंजाबातली, १८८० ची जुनी लोकरीची मिल. तू फोनवर "हॅरिस ट्वीड आहे का" विचारलंस, नाहीये. हॅरिस ट्वीड म्हणायचं तर १९९३ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणकराने स्वतःच्या घरी हाताने विणलेलं असावं लागतं, सूतसुद्धा तिथेच रंगवलेलं आणि कातलेलं, आणि आत लेबलवर गोल आणि त्यावर क्रॉस असं चिन्ह असतं. तिकडे सेकंडहँड घेताना कोणी हॅरिस म्हणून जास्त पैसे मागितले तर आधी ते लेबल बघ. आजोबांच्या कोटाला लेबल एकच, आतल्या खिशावर टेलरने धाग्याने काढलेली आद्याक्षरं. कोपर झिजलंय तिथे मी चामड्याचा तुकडा लावून घेणार आहे. आणि हा पावसाच्या बारीक तुषारांत छान चालतो, लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा शोषून घेते तरी अंगाला ओली लागत नाही. वास मात्र येतो. ओल्या लोकरीचा वास काय असतो ते कळेलच तुला.

कॉर्डरॉयचा ब्लेझर पण आहे, तपकिरी, तेव्हा लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूटची मुलं तसले घालून फिरायची आणि आम्हाला ती फार हुशार वाटायची. तो मी ठेवून घेतेय, मला अजून होतो. डेनिम जॅकेट तुझ्या मावशीने नेलं ते परत आलंच नाही.

आता महत्त्वाचं. जुना कोट जसाच्या तसा घालू नकोस, आधी मापाचा करून घे. तुमच्या रील्समधे मुली आजोबांचा कोट लटकवून फिरतात, बाह्या बोटांच्या खाली, मला ते बघवत नाही. आपले जुने टेलर शिवणीत आत भरपूर माया सोडायचे, पोरगं वाढेल, पोट सुटेल, या हिशोबाने, म्हणून हे कोट आत-बाहेर दोन्ही होतात. बाजूच्या शिवणी आत घेता येतात, बाही आखूड होते, अस्तर पूर्ण बदलता येतं. खांद्याला मात्र हात लावू द्यायचा नाही. खांदा उसवायचा म्हणजे बाही, कॉलर सगळं उसवलं, एवढ्या खर्चात नवीन होतो, आणि बसत तर कधीच नाही. खांदा बसला तर कोट घ्यायचा, नाहीतर कितीही देखणा असला तरी दुकानातच सोडायचा. लांबीचंही तसंच, फार कापलं की खिसे गुडघ्यावर आल्यासारखे दिसतात.

अजून एक, तिकडे जुना ब्लेझर बघशील तेव्हा खालच्या काजाजवळ कापड चिमटीत धर आणि वरचं कापड नि अस्तर वेगवेगळं कर. मधे आणखी एक सुटा थर बोटांना लागला तर आत कॅनव्हास टाक्यांनी बसवलाय, तो वर्षानुवर्षं अंगाचा आकार घेतो. काही लागलंच नाही आणि वरचं कापड पुठ्ठ्यासारखं ताठ वाटलं तर आतला थर गोंदाने चिकटवलाय, असले कोट काही ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे धरतात आणि त्याला इलाज नाही. माझ्या त्या आकाशी कोटाचं तेच झालंय, पॅड काढून वाचवता येईल का बघत होते, पण छातीवर सगळे बुडबुडे.

कसर लागलीये का ते कोट खिडकीसमोर उजेडात धरून बघायचं, बारीक भोकं लगेच दिसतात. खातात त्या अळ्या, उडणारं पाखरू काही खात नाही, आणि खातात ती लोकर, म्हणून टेरीकॉटचा ट्रेंच अगदी जसाच्या तसा राहिला आणि आजोबांच्या कोटाला पाठीवर एक भोक पडलं. रफूवाल्याकडे दिलाय, तो आतल्या मायेतलाच धागा काढून भरणार म्हणाला, दिसणारसुद्धा नाही. घामाचे, जेवणाचे डाग तसेच ठेवून कोट कपाटात गेला की कसर तिथूनच सुरुवात करते, म्हणून थंडी संपली की एकदा साफ करून मगच ठेव. लवंगा, कडुनिंबाचा पाला वगैरे आजी घालायची, मी पण घालते, पण खरं सांगायचं तर नीट घासून झटकणं आणि अधूनमधून उन्हात टाकणं यानेच जास्त फरक पडतो. सारखं ड्रायक्लीन करू नकोस, ब्रश मार फक्त.

आणि घालताना एका वेळी एकच जुनी वस्तू. डफल घातलास तर खाली तुझी रोजची जीन्स आणि बूट, त्यावर परत जुनी बॅग, जुना चष्मा, जुना स्कार्फ असं केलंस की नाटकातलं पात्र दिसशील. ही माझी मतं आहेत, तू ऐकणार नाहीसच.

तुझी मैत्रीण पुढच्या महिन्यात येतेय तिच्याबरोबर डफल आणि ट्वीड देते, ट्रेंच पार्सलने. डफल जड आहे, तिला सांग विमानात अंगावरच घाल म्हणजे बॅगेचं वजन वाचेल. तर आता मापं पाठव: पाठीवरून खांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाही खांद्याच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंत, आणि छाती, आत स्वेटर घालून घे. टेप नसेल तर दोरी धरून पट्टीवर मोज, अंदाजे लिहू नकोस. आणि या रविवारपर्यंत पाठव, कारण टेलर म्हणाला दिवाळीची कामं सुरू झाली की आल्टरला हात लावणार नाही.

बाबा विचारतायत त्यांचा सफारी चालेल का. मी नाही म्हणून सांगितलंय, तुला वेगळं वाटत असेल तर त्यांना परस्पर कळव.

आई