डिकन्सची रांग आणि कडोलीची ताडपत्री

बॉस्टन

ती. मामांस,
सा. न.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी बर्फात बसची वाट बघत होते, बोलणं अर्धवटच राहिलं. यंदा बेळगावजवळच्या कडोली गावच्या साहित्य संमेलनात कथाकथनाला कोण येणार, तेवढं कळवा.

विचारायचं कारण म्हणजे माझ्या ऑफिसच्या वाटेवर ट्रेमाँट टेंपल हे चर्च लागतं. डिसेंबर १८६७ मध्ये इंग्लिश कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तिथे स्वतःच्याच गोष्टी वाचून दाखवत होता. तेव्हाची इमारत जळली, जागा तीच. तिकीट दोन डॉलर! पुढे ब्रुकलिनला तर लोक तिकिटासाठी रात्रभर थंडीत गाद्या टाकून, शेकोट्या पेटवून बसले होते. एकटा माणूस, समोर छोटं टेबल आणि दहा जणांचे दहा आवाज. म्हणजे आपलं कथाकथनच की हो! पाचेक महिन्यांत ७६ वाचनं केली. पैसा मिळाला, पण तब्येत पार खचली. १८७० मध्ये गेलाच.

मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथन करत गावोगाव फिरायचे, तेव्हा तुम्ही सायकल मारत ऐकायला जायचात ना? आणि आजोबा १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाला गेले होते. अध्यक्ष माडखोलकर, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथलाच. पण आजोबा सांगायचे ते मांडवात हरवलेल्या चपलांचं!

मला मात्र कडोलीच आठवते. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं. दुपारी भात जेवून अर्धा मांडव पेंगायचा. तुम्ही गडहिंग्लजहून पहिल्या एसटीने आलेले, त्यामुळे तुम्ही तर घोरायचातच. मग कथाकथनवाला उठायचा, म्हैस विकणाऱ्याचा आवाज काढायचा, आणि ताडपत्रीवर शेंगा सोलत बसलेली एखादी म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणायची, "आगं बाई, ह्यो तर आमच्या चिंगीचा नवराच!" तिथे तिकीट नव्हतं. लेखकाला शाल, नारळ आणि परतीचं भाडं. मला हे तेव्हा छान वाटायचं. आता वाटतं, त्याला चार पैसे जास्त द्यायला हवे होते.

यंदा फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. कर्ण्याजवळ बसू नका, गेल्या वेळी नुसती खरखर आली. आणि मामींना शेजारी बसवू नका, गोष्ट रंगायच्या आधीच त्या हसायला लागतात.

तुमची भाची